महिलांसाठी मनाच्या आजारांची ओपीडी काढायची आहे? आधी दुसऱ्या भेटीचा हिशोब मांडा



गेल्या महिन्यात पिपरी मेघेला आपलं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. मसाला, पार्लर, टिफिन, फ्लेक्स प्रिंटिंग असे नेहमीचे विषय निघाले. शेवटी चहाच्या वेळी एक ताई मला बाजूला घेऊन गेल्या. एमएसडब्ल्यू झालेल्या, आठ वर्षं एका संस्थेत काम केलेलं, तीन लाख रुपये साठवलेले. हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, मला बायकांसाठी मनाच्या आजारांची ओपीडी काढायची आहे. ॲडमिट कोणाला करायचं नाही. यायचं, बोलायचं, डॉक्टरांनी लिहिलं तर औषध घ्यायचं आणि घरी जायचं. हे चालू शकते का?"

त्या दिवशी मी त्यांना एवढंच म्हटलं, "आठ दिवस द्या." कारण मसाल्याच्या धंद्यात चूक झाली तर माल खराब होतो. इथं चूक झाली तर एखादी बाई परत कुठल्याच डॉक्टरकडे जात नाही. मी असं ठामपणे का म्हणते, ते आधी सांगते. व्हिडिओत हा भाग मी घेतला नव्हता.

माझी स्वतःची पहिली आणि शेवटची भेट

माझं मॅचिंग सेंटर तुम्ही व्हिडिओत पाहिलंच आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, पिको. माझी धाकटी झाली तेव्हा मी माहेरी होते. बाळ पाच महिन्यांचं झालं तरी मला झोप नव्हती. बाळ रडलं की मी भिंतीकडे तोंड करून पडायची. दुकान नवरा अर्धा वेळ उघडायचा. नागपूरला गांधीबागेतून माल आणायला कोणी गेलं नाही, म्हणून शेल्फवर रंग नव्हते. आणि मॅचिंग सेंटरात रंगच नसले तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा कशाला येईल?

वहिनी मला तिकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. सकाळी नऊला निघालो. चिठ्ठी काढायची रांग, मग बाकावर बसणं. साडेबाराला शिपायानं दारातून आवाज दिला, "मनोविकारवाल्या कोण आहेत? पुढं या!" मी उठले आणि समोरच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, "काऊन वं, तू इथं?" माझ्या माहेरच्या गल्लीतली बाई होती.

डॉक्टरांनी मला पाच मिनिटं पाहिलं. ते वाईट नव्हते, बाहेर पन्नास-साठ माणसं बसली होती. औषधही बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. पंधरा दिवसांनी या, म्हणाले. मी गेले नाही. गोळ्यांची अर्धी पट्टी कपाटात साड्यांच्या खाली राहिली. माझे पुढचे सात महिने गेले.

बरं कसं वाटलं? बाळाच्या लसीसाठी येणाऱ्या नर्सबाईंमुळे. त्यांनी लस दिली आणि मला विचारलं, "तुला झोप लागते का?" मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्या काहीही काम नसताना पुन्हा आल्या आणि तोच प्रश्न विचारला. तेव्हा मी रडले. तिसऱ्यांदा त्या मला स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेल्या, दुपारी, गर्दी नसताना. त्यानंतर मी सात वेळा गेले.

डॉक्टर आणि औषध दोन्हीकडे होतं. फरक पडला तो दुसऱ्यांदा कोणी आलं म्हणून. हे डोक्यात ठेवा, पुढचा सगळा हिशोब यावरच आहे.

गरज आहे का? आणि कशाची?

पिपरी मेघेच्या एका बाजूला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, दुसऱ्या बाजूला सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. दोन्ही मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आणि दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. म्हणजे डॉक्टर नाहीत म्हणून आपण दुकान लावतोय, असं समजू नका. दोन मेडिकल कॉलेज एवढ्या जवळ असलेली गावं देशात फार नाहीत.

तरी बायका उपचाराविना राहतात. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, तिच्यात नैराश्य आणि चिंता अशा नेहमी आढळणाऱ्या आजारांमध्ये सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना असल्याचं दिसलं. आपल्याकडे त्यात घरातली कारणं मिळवा. दारूबंदीचा जिल्हा असूनही घरोघरी येणारी दारू, सोयाबीन-कपाशीचं कर्ज, बाळंतपण, सासरचा त्रास. आणि बाई "मला उदास वाटते" असं म्हणत नाही. ती म्हणते कंबर दुखते, अंगात त्राण नाही, डोकं जड आहे, झोप नाही, पांढरं जाते. म्हणून ती आधी जनरल डॉक्टरकडे, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, नाहीतर देवऋषीकडे जाते.

उद्योजकाच्या भाषेत बोलायचं तर तुमची स्पर्धा सेवाग्राम-सावंगीशी नाहीच. तुमची स्पर्धा "सहन कर, सगळ्यांनाच असते" या वाक्याशी आहे.

आपल्याकडे हे कुणी करून दाखवलंय?

तीन उदाहरणं बघा. तिन्हीतून एकेक गोष्ट उचलायची आहे.

पहिलं, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं. 'विश्राम' नावाचा प्रकल्प ३० गावांत चालला, संगाथ ही संस्था त्यात होती. रचना साधी. गावातलीच कार्यकर्ती घरोघर जाऊन बोलायची, तिच्या वर समुपदेशक आणि गरज पडली तरच मानसोपचारतज्ज्ञ. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्के होतं, ते १८ महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेलं. उचलायची गोष्ट ही, की माणसं आपणहून आली नाहीत, कोणीतरी त्यांच्या दारात गेलं.

दुसरं, गोव्याचं. संगाथनंच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना नीट ट्रेनिंग दिलं. त्यांनी नैराश्याच्या रुग्णांशी ठरलेल्या पद्धतीनं सहा ते आठ वेळा, आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास बोलायचं. डॉ. विक्रम पटेल यांच्या चमूनं निकाल छापले. तीन महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, हे बोलणं मिळालेल्यांत ६४ टक्के. पण बघा, त्यांच्यावर देखरेख कडक होती. बोलण्याचं रेकॉर्डिंग एकमेकांनी ऐकायचं, गुण द्यायचे, चुका काढायच्या. उचलायची गोष्ट ही, की सहा ते आठ भेटी हा कोर्स आहे, एक भेट म्हणजे कोर्स नाही.

तिसरं, मुंबईचं 'दिलासा'. २००० साली वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा हॉस्पिटलात सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून, घरी मार खाणाऱ्या बायकांसाठी हे केंद्र सुरू केलं. ते हॉस्पिटलाच्या आतच होतं. बाई घरी "खोकल्याचं औषध आणायला जाते" असं सांगून येऊ शकत होती आणि बाकी विभागांतल्या नर्स-डॉक्टरांना अशी बाई ओळखायचं ट्रेनिंग दिलेलं होतं. उचलायची गोष्ट ही, की बाईला घरातून निघायला सबब लागते. ती सबब तुमच्या जागेनं पुरवली पाहिजे.

कायदा: एक खाट सगळं बदलते

आता कागदपत्रं. वही काढा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे. त्यात 'मानसिक आरोग्य आस्थापना' म्हणजे जिथं मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला दाखल करून घेतात किंवा ठेवून घेतात अशी जागा. तिला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावीच लागते. फक्त ओपीडी चालवली, कोणाला ठेवून घेतलं नाही, तर तुम्ही त्या व्याख्येत येत नाही. पण "एका रात्रीपुरतं झोपू द्या ना ताई" म्हणून एक खाट टाकली की सगळं बदललं. दिवसभर थांबवून घ्यायचा विचार असेल तर आधी प्राधिकरणाला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

त्याच कायद्यात रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा तिचा हक्क आहे. तिच्या संमतीशिवाय तिचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. म्हणजे आपण इतर धंद्यांत शिकवतो ते 'कस्टमर रिव्ह्यूचं रील' इथं पूर्ण बंद.

बाकीची यादी:

१. शॉप ॲक्ट. महाराष्ट्रात २०१७च्या कायद्यानुसार कामगार थोडेच असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. दवाखानेही त्या कायद्यात येतात.

२. उद्यम नोंदणी. फुकट आहे, स्वतः करा, एजंटला पैसे देऊ नका.

३. इंजेक्शन, सुया वापरणार असाल तर जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी. खाट नसलेल्या दवाखान्यालाही २०१६चे नियम लागू आहेत.

४. जीएसटी. नोंदणीकृत डॉक्टर आणि दवाखान्याच्या आरोग्यसेवेला माफी आहे. शाळा-कंपनीत घेतलेल्या कार्यशाळेची फी त्यात आपोआप बसत नाही. सीएला सुरुवातीलाच विचारा.

५. औषध विक्री. ड्रग लायसन्स नसेल तर एक गोळीही विकायची नाही. झोपेची तर नाहीच नाही.

कोण काय करू शकतं?

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सरळ सांगते.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. निदान आणि औषध त्यांचं काम. त्यांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक भिंतीवर दिसला पाहिजे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नुसतं एमए सायकॉलॉजी म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही. मुलाखतीत प्रमाणपत्र बघा, क्रमांक तपासा.

समुपदेशक, सोशल वर्कर म्हणजे आपल्या त्या ताई. ऐकणं, ठरलेल्या पद्धतीनं बोलणं, घरभेट, पाठपुरावा हे त्यांचं. निदान लिहायचं नाही, औषध सुचवायचं नाही, चालू औषध बंद करा असं तर चुकूनही म्हणायचं नाही. त्यांच्या कामावर महिन्यातून किमान दोनदा वरिष्ठ सायकॉलॉजिस्टची देखरेख हवी. तिचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

आणि तुम्ही, म्हणजे मालक? तुमचं काम जागा, वेळ, गुप्तता, हिशोब आणि दुसरी भेट. मालकानं बीबीए केलेलं असो की एमबीए, आतल्या खोलीत त्याला प्रवेश नाही. मलाही नाही.

डॉक्टर आठवड्यातून एक ठरलेला दिवस येतील असं बघा. मधल्या दिवसांसाठी व्हिडिओवर सल्ला घेता येतो, २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत त्याची सोय आहे. पण कोणतं औषध पहिल्याच व्हिडिओ भेटीत लिहायचं नाही याचे नियम आहेत, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि पेशंटमागे कमिशन द्यायचं-घ्यायचं नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत त्याला बंदी आहे. डॉक्टर आपली फी स्वतः घेतील, तुम्हाला खोलीचं ठरलेलं भाडं देतील. वीस पेशंट आले तरी तेवढंच, दोन आले तरी तेवढंच.

आता आकडे. जरा जपून बसा

हे आकडे मी उदाहरण म्हणून धरलेत. तुमच्या गावचे टाका.

एक समुपदेशक, सकाळी ११ ते ३. पाऊण तास बोलणं, पंधरा मिनिटं नोंदी. म्हणजे दिवसाला चार भेटी, आठवड्यात पाच दिवस, महिन्याला ८० भेटी. ८० पैकी २० जणी येणार नाहीत असं धरा. घरी पाहुणे, पोराला ताप, निंदण, कापूस वेचणी. राहिल्या ६०. त्यातल्या दर पाचातली एक फुकट बघायची, कारण जिला सगळ्यात जास्त गरज असते तिच्या हातात पैसा नसतो. राहिल्या ४८. फी ३०० रुपये धरली तर १४,४०० रुपये. डॉक्टरांच्या चार दिवसांचं खोलीभाडं ४,००० रुपये. एकूण जमा १८,४००.

खर्च: अर्ध्या दिवसाची जागा ४,०००, समुपदेशक १८,०००, मदतनीस ताई ७,०००, वीज-फोन-चहा २,०००, देखरेख करणारे वरिष्ठ ४,०००. एकूण ३५,०००.

महिन्याला १६,६०० रुपयांचा खड्डा. समुपदेशक तुम्ही स्वतःच असाल तर तो १८,००० पगार तुमचा. म्हणजे महिनाभर काम करून तुमच्या हातात येणार १,४०० रुपये.

मी हा आकडा त्या ताईंना दाखवला तेव्हा त्या गप्प बसल्या. तुम्हीही बसला असाल. पण लपवून काय उपयोग?

आता दुसरा हिशोब बघा. त्या ६० भेटी भरायला महिन्याला नवीन बायका किती लागतील? प्रत्येक जण एकदाच येत असेल तर ६०. प्रत्येक जण सहा वेळा येत असेल तर फक्त १०. पिपरी मेघे, नालवाडी, सिंदी मेघे आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून महिन्याला १० नवीन बायका येणं शक्य आहे. दर महिन्याला ६० नवीन येणं मला शक्य वाटत नाही. म्हणून दुसऱ्या भेटीशिवाय ही ओपीडी सहा महिनेसुद्धा टिकत नाही. आणि गंमत बघा, दुसऱ्या भेटीशिवाय ती बाईही बरी होत नाही. असा धंदा क्वचित मिळतो, जिथं गिऱ्हाइकाचं भलं आणि तुमचा हिशोब एकाच रकान्यात येतात.

फक्त एक इशारा. याचा अर्थ भेटी वाढवत न्यायच्या असा नाही. सहा-आठ भेटी झाल्या की थांबायचं, आढावा घ्यायचा, बरी असेल तर "आता यायची गरज नाही" हे तोंडानं सांगायचं. आजार तेवढ्यात आवरणारा नसेल तर पुढे किती वेळा यायचं, हे डॉक्टर सांगतील. मालकानं सांगायचं नाही.

खड्डा कसा भरायचा?

जागा विकत घेऊ नका, पूर्ण भाड्यानंही नको. एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या किंवा जनरल डॉक्टरच्या दवाखान्यात दुपारची रिकामी खोली मागा. भाडं कमी, आणि बाईला सबबही मिळते.

खोली एकच, माणसं दोन. सकाळी एक समुपदेशक, दुपारी तीननंतर दुसरी. भाडं आणि मदतनीस ताईंचा पगार दोघींत वाटला जातो.

उत्पन्नाचा दुसरा पाय उभा करा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही संस्था सुरू केली. ती समुपदेशनाबरोबर कार्यशाळा, अभ्यासक्रम, शाळा-कॉलेजातलं काम करत वाढली. आपल्याकडे वर्धेत कॉलेजं काय कमी आहेत? महिन्याला ३,००० रुपयांच्या चार कार्यशाळा घेतल्या तर १२,००० येतात. फुकट बघितलेल्या बायकांचा खर्च यातून निघतो.

संस्थेचं रूप आधी ठरवा. देणग्या, सीएसआर हवं असेल तर ट्रस्ट किंवा सेक्शन ८ कंपनी लागेल. स्वतःच्या नावावर चालवलं तर देणगीची अपेक्षा सोडा.

आणि कर्ज? मुद्राचं नाव ऐकून धावू नका. महिन्याला हजार-दोन हजार सुटणाऱ्या कामावर पाच लाखांचा हप्ता बसवला तर चौथ्या महिन्यात तुम्हालाच झोप लागणार नाही. ताईंच्या तीन लाखांपैकी एक लाख कामाला आणि दोन लाख घराला, असं मी त्यांना सांगितलं.

विम्याबद्दलही खरं बोला. कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं आहे, पण बऱ्याच पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीचे पैसे परत मिळतील असं कोणाला सांगू नका.

दुसरी भेट घडवणाऱ्या सात साध्या गोष्टी

१. पाटीवर 'मनोरुग्ण' हा शब्द नको. 'महिला आरोग्य व समुपदेशन केंद्र' पुरे. खोटं नाही आणि बोचतही नाही.

२. नावानं हाक मारायची नाही. टोकन नंबर द्या. माझं काय झालं ते वर वाचलंच.

३. वेळ ठरवून द्या. दोघी एका वेळी बाकावर बसायला नकोत.

४. वेळ बायकांच्या घड्याळाची ठेवा. डबे झाल्यावर, शाळा सुटायच्या आत. निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळचा वेळ ठेवा, नाहीतर मजुरी बुडते.

५. पहिल्याच भेटीत विचारा, "फोन कोणाकडे असतो? मी फोन केला तर कोण बोलते म्हणून सांगू?" ती सांगेल तसंच करा. नवऱ्यानं फोन उचलला तर "दवाखान्यातून बोलते" यापुढे एक शब्द नाही.

६. कोपऱ्यात सतरंजी आणि चार खेळणी. लेकरू सोबत आणता येत नाही म्हणून किती बायका येत नाहीत, ते तुमच्या आधी माझ्या दुकानाला माहीत आहे.

७. ठरलेल्या दिवशी बाई आली नाही तर तिसऱ्या दिवशी चौकशी. ओरडायचं नाही, "काळजी वाटली म्हणून विचारलं" एवढंच. माझ्या नर्सबाईंनी हेच केलं होतं.

जाहिरातीला पैसे घालू नका. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या अध्यक्ष, पार्लरवाल्या, शिलाईवाल्या यांच्याकडे जा. बायका मन तिथं मोकळं करतात. त्यांना कमिशन नको, एक तासाचं ट्रेनिंग द्या: काय ऐकायचं, काय बोलायचं नाही, कुठं पाठवायचं. आणि "शंभर टक्के बरं करू" हे वाक्य पत्रकावर, रीलमध्ये, तोंडी, कुठंच नको.

हे तयार नसेल तर दार उघडू नका

कुठली बाई जीव द्यायचं बोलली तर काय करायचं, हे पहिल्या दिवसाआधी कागदावर लिहिलेलं हवं. सरळ विचारायचं, विचारल्यानं तो विचार वाढत नाही. तिला एकटी सोडायची नाही. तुमच्या डॉक्टरांना लगेच फोन. सेवाग्राम किंवा सावंगीला न्यायला गाडी कोणाची, हे ठरलेलं. दोन्ही हॉस्पिटलांत आधी जाऊन ओळख करून या, पेशंट घेऊन जायच्या दिवशी ओळख काढत बसू नका.

टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर, २०२२ पासून चालू, दिवस-रात्र आणि फुकट. दारावर मोठ्या अक्षरात लावा. तुमची ओपीडी तीनला बंद होते, आजार होत नाही.

घरात मारहाण असेल तर नवऱ्याला बोलावून "समेट" करायला जाऊ नका, त्यानं तिचा जीव धोक्यात येऊ शकतो. तिला १८१ हेल्पलाइन, संरक्षण अधिकारी, २००५चा कायदा यांची माहिती द्या. पुढचं पाऊल तिनं ठरवायचं. आणि पहिलं वर्ष १८ च्या आतल्या मुली घेऊ नका. लैंगिक अत्याचाराचं प्रकरण निघालं तर पॉक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे, त्याची तयारी वेगळी लागते.

९० दिवसांचा प्लॅन

पहिले ३० दिवस: भाडं नाही, पाटी नाही. वीस आशा-अंगणवाडी ताईंना भेटा. एक डॉक्टर, एक देखरेख करणारे सायकॉलॉजिस्ट पक्के करा. दोन्ही हॉस्पिटलांत जाऊन या.

पुढचे ३० दिवस: दुसऱ्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एकच दिवस. चार भेटींपेक्षा जास्त नाहीत.

शेवटचे ३० दिवस: आठवड्याला दोन दिवस, आणि एकच आकडा मोजा. नवीन आलेल्या दहा जणींपैकी दुसऱ्यांदा किती आल्या? माझा स्वतःचा अंदाज असा, की पाचपेक्षा कमी असतील तर वाढवू नका. न आलेल्यांना विचारा, कुठं अडलं. वेळ? फी? रस्त्यात कोणी पाहिलं? ते दुरुस्त करा आणि पुन्हा दहा मोजा.

त्या ताईंना मी हे सगळं कागदावर लिहून दिलं. १,४०० रुपयांच्या आकड्यावर त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं होतं. मग विचारलं, "आणि मॅडम, तुम्ही त्या पहिल्या हॉस्पिटलात परत गेल्या असत्या, असं काय असतं तर?"

मी म्हटलं, "कोणी पुढच्या आठवड्यात फोन केला असता तर."

त्यांनी ते कागदाच्या वरच्या बाजूला लिहून घेतलं. नोकरी त्यांनी अजून सोडलेली नाही, मीच सोडू नका म्हटलं. पुढच्या महिन्यापासून आर्वी नाक्याकडच्या एका दवाखान्यात दर बुधवारी दुपारी त्या बसणार आहेत. तीन महिन्यांनी त्यांचा दहापैकी आकडा काय आला, तो त्यांच्या परवानगीनं आणि नावाशिवाय तुम्हाला इथंच सांगेन, चांगला असो की वाईट.

तुमचा गृहपाठ: तुम्ही जो काही धंदा करता, त्यात मागच्या महिन्यात आलेल्या दहा नवीन गिऱ्हाइकांपैकी दुसऱ्यांदा किती आले, ते आज रात्री वहीत मोजा. न आलेल्यांपैकी एकाला उद्या फोन करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, आणि आपल्या घरातल्या बाईला आज एकदा विचारा, झोप लागते का. आठ दिवसांनी पुन्हा विचारा.